दप्तरभाऊंची प्रत्यक्ष पाहणी

उरलेलं आयुष्य खडकांना वाहायचं, असं दप्तरभाऊंनी ठरवलं तेव्हा ते दाढी करत होते. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता. तशाच अवस्थेत ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, "मी प्रस्तरारोहण करणार आहे."

"आधी ते पुसा," वहिनी म्हणाल्या. "फरशीवर गळतंय."

वहिनी, म्हणजे दप्तरभाऊंच्या पत्नी, रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होत्या. लोकांच्या दंडाला रबर बांधून 'मूठ आवळा' म्हणण्यात त्यांची अठरा वर्षं गेली होती, त्यामुळे मोठमोठ्या बाता मारणारे पुरुष सुई दिसल्यावर कसे दिसतात हे त्यांना पाठ होतं. त्या दचकल्या नाहीत. पोळी उलटत त्यांनी एवढंच विचारलं, "कुठल्या खडकावर?"

दप्तरभाऊंना हा प्रश्न फार खालच्या पातळीवरचा वाटला. संन्यास घ्यायला निघालेल्या माणसाला कुणी 'कुठल्या गुहेत' असं विचारत नाही. पण खडक अजून ठरायचाच होता, म्हणून ते उरलेला गाल करायला परत गेले.

दप्तरभाऊ जमीन मोजणी कार्यालयात रेकॉर्ड रूम सांभाळत. सत्तावीस वर्षांत त्यांच्या हातून एक कागद चुकीच्या फायलीत गेला नव्हता आणि या गोष्टीचा त्यांना माफक नव्हे, भरपूर अभिमान होता. चढाईचा अनुभव म्हणाल तर रेकॉर्ड रूममधल्या शिडीची नववी पायरी, तीही खाली कुणीतरी शिडी धरून उभं असेल तर. अशा माणसाच्या हाती गिर्यारोहण क्लबचं एक पत्रक पडलं. दहा दिवसांचं शिबिर, वय पन्नासपर्यंत. पत्रकावर एक रापलेला, दाढीवाला इसम एका बोटाच्या आधारानं आकाशात लटकला होता आणि हसत होता. दप्तरभाऊ एकोणपन्नास वर्षं सात महिन्यांचे होते. आपण आजवर दोन्ही पाय जमिनीवर ठेवून एकदाही असं हसलो नाही, हे त्यांच्या मनाला लागलं.

सुरुवात बुटांपासून झाली. खडकावर चढायचे बूट पायापेक्षा दोन नंबर लहान घ्यायचे असतात, असं दुकानदारानं सांगितलं.

"दुखतंय," दप्तरभाऊ म्हणाले.

"दुखलं तरच बरोबर बसलेत," दुकानदार म्हणाला. हे वाक्य ऐकून बूट परत करणारा माणूस शहाणा असतो. दप्तरभाऊंना ते तत्त्वज्ञान वाटलं. पुढचे आठ दिवस रोज संध्याकाळी ते बूट घालून घरभर फिरले. चाल अशी झाली होती की समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी वहिनींना बाजूला घेऊन विचारलं, "ऑपरेशन झालं का ह्यांचं? बोलला नाहीत ते."

मग बोटांची ताकद. पत्रकात लिहिलं होतं, दाराच्या चौकटीला बोटांच्या टोकांनी लटकावं. दप्तरभाऊ बैठकीच्या खोलीच्या चौकटीला लटकले. पहिल्या दिवशी चार सेकंद, तिसऱ्या दिवशी नऊ. पाचव्या दिवशी अकरा सेकंद होत आले असताना चौकट त्यांच्याबरोबर खाली आली. नुसती नाही, भोवतीचा सगळा गिलावा घेऊन आली.

सुतारानं पडलेल्या चौकटीकडे बघितलं, मग दप्तरभाऊंकडे. "काय झालं?"

"लटकत होतो."

सुतारानं हातातली पटाशी खाली ठेवली. मग तो वहिनींकडे वळला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, घरात सगळं ठीक आहे ना?"

झालं. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला बातमी कळली आणि सल्ले यायला लागले. आपल्याकडे माणूस आजारी पडला तर सल्ले येतात, पण माणूस काही करायला निघाला तर त्याच्या दुप्पट येतात. प्रत्येकाच्या माहितीत कुणीतरी पडलेला होता. कुणाचा मावसभाऊ, कुणाच्या साहेबांचा जावई. वरच्या मजल्यावरचे निवृत्त ओव्हरसियर तर रोज जेवणानंतर येऊन बसू लागले. त्यांनी हयातभर रस्ते बांधले होते, तेव्हा खडकाविषयी बोलण्याचा अधिकार त्यांच्याकडे आपोआप होता.

"खडक हा माणसासारखा असतो," ते म्हणाले. "वरून भक्कम दिसला की समजायचं, आतून पोकळ आहे."

"मग चढायचं कसं?"

"ते मला काय माहीत? मी सुरुंग लावायचो."

आता राहिला रजेचा प्रश्न. दप्तरभाऊंनी अर्ज लिहिला आणि कारणाच्या रकान्यात सरळ लिहिलं: 'खडकावर चढण्यासाठी.' तीन दिवसांनी अर्ज परत आला. समासात लाल शाईनं शेरा होता: 'सदर खडक कार्यालयाच्या कार्यक्षेत्रात येतो किंवा कसे, तसेच कोणाच्या आदेशान्वये चढावयाचे आहे, याबाबत खुलासा सादर करावा.'

दप्तरभाऊंनी खुलासा सादर केला की आदेश कुणाचा नाही, मनाचा आहे. त्यावर शेरा आला: 'आदेशाची प्रत जोडावी.'

शेवटी हेडक्लार्कना त्यांची दया आली. ते पान चघळत म्हणाले, "दप्तरभाऊ, तुम्ही इतकी वर्षं इथं आहात आणि शाळकरी पोरासारखं खरं काय लिहिता? आजारी पडा. कंबर धरा. डॉक्टरचा दाखला लावा आणि जा तुमच्या डोंगरावर."

"पण क्लबला मी ठणठणीत आहे असा दाखला हवाय."

"मग दोन घ्या."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. "एकाच दिवशी, एकाच माणसाला, आजारी असल्याचा आणि नसल्याचा?"

"माणूस एकच आहे, डॉक्टर. कचेऱ्या दोन आहेत."

डॉक्टर विचारी होते. त्यांनी दोन्ही दाखले लिहिले आणि फी मात्र एकाचीच घेतली. पहिल्यात लिहिलं: 'यांना तीव्र कंबरदुखी असून जिने चढणे वर्ज्य आहे. दहा दिवस सक्तीची विश्रांती.' दुसऱ्यात: 'हे गृहस्थ पूर्णतः तंदुरुस्त असून उंचीवरील कोणतेही श्रमाचे काम करण्यास सक्षम आहेत.' दप्तरभाऊंनी घरी येऊन दोन पाकिटं घेतली, पत्ते सुवाच्य अक्षरात घातले, डिंक लावला आणि दोन्ही आपल्या हातानं पोचवली.

सत्तावीस वर्षांत जे झालं नव्हतं ते त्या संध्याकाळी झालं. क्लबला कंबर गेली आणि कचेरीला तंदुरुस्ती.

हे कळलं तेव्हा दप्तरभाऊ साहेबांच्या टेबलासमोर उभे होते आणि साहेब तो दाखला मोठ्यानं वाचत होते. "उंचीवरील, कोणतेही, श्रमाचे," साहेबांनी प्रत्येक शब्द वेगळा चाखला. "अहो, तुम्ही इतके दिवस होता कुठे?"

साहेबांच्या आनंदाला कारण होतं. गावाबाहेर एक सुळका होता, साठेक फूट उंच, भिंतीसारखा उभा. त्याच्या माथ्यावर हद्दीचा दगड होता. त्या दगडाच्या अलीकडे एका खाणमालकाची जमीन, पलीकडे दुसऱ्याची, आणि दोघं कोर्टात गेले होते. कोर्टानं मोजणी कार्यालयाला सांगितलं होतं की दगड कुठे आहे ते नव्यानं पाहून लेखी कळवा. हा आदेश आल्यापासून कार्यालयातल्या चारही मोजणीदारांचे गुडघे धरले होते. एकाचे तर आदेश येणार असं कळल्यावरच धरले होते.

"साहेब, तो दाखला खरं म्हणजे..." दप्तरभाऊंनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुढचं वाक्य 'दुसरीकडे द्यायचा होता' असं होतं. ते कचेरीत बोलण्यासारखं नव्हतं.

"काळजी करू नका," साहेब म्हणाले. "नुसतं जाऊन यायचं. दगड तिथंच आहे. दरवर्षी पाहणी होते."

ते खरं होतं. पाहणीची वही दप्तरभाऊंच्याच कपाटात होती. एकतीस वर्षांच्या एकतीस नोंदी. दर काही वर्षांनी हस्ताक्षर बदलत होतं, वाक्य बदलत नव्हतं: 'प्रत्यक्ष पाहणी केली. दगड जागेवर आहे.' त्यातल्या आठ नोंदी साहेबांच्या होत्या, ते मोजणीदार होते तेव्हाच्या.

क्लबच्या खोलीत एक पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी दोर मोजत बसली होती. हीच प्रशिक्षक, सगळे तिला मॅडम म्हणत. तिनं दप्तरभाऊंचं नाव ऐकलं, टेबलाच्या खणातून त्यांचा दाखला काढला आणि चिंतेनं विचारलं, "काका, तुम्ही इथं जिना चढून आलात?"

दप्तरभाऊंनी तिला सगळं सांगितलं. पाकिटं, सुळका, कोर्ट. सांगताना त्यांना पहिल्यांदा जाणवलं की आपल्याला भीती वाटते आहे, आणि तीही चढाईची नव्हे. न चढता परत आलो आणि वहीत बत्तिसावी नोंद केली तर कुणाला काही कळणारही नाही, याची.

मॅडम हसली नाही. "शिबिरात नाही घेता येणार, या दाखल्यावर तर नाहीच. पण रविवारी मी मोकळी आहे. एक अट आहे, मी सांगेन तेच करायचं."

"आमच्या घरीही तीच पद्धत आहे," दप्तरभाऊ म्हणाले.

रविवारी सुळक्यापाशी तिघं पोचले. तिसरे ओव्हरसियर. ते छत्री, पाण्याची बाटली आणि दुर्बीण घेऊन आले होते आणि कुणी बोलावलं नव्हतं. मॅडम आधी चढली, घरातल्या जिन्यावरून जावं तशी. वर पोचून तिनं दोर पक्का केला आणि खाली वाकून म्हणाली, "काका, या सावकाश."

दप्तरभाऊंच्या कमरेला पट्टा होता, डोक्यावर हेल्मेट, पायात ते बूट आणि शर्टाच्या आत, पोटाशी, पाहणीची वही. पहिले दहा फूट बरे गेले. वीस फुटांवर त्यांना वाटलं, आपण उगाच घाबरत होतो. तीस फुटांवर उजवा हात ठेवायला काही सापडेना, आणि डावा पाय शिवणयंत्रासारखा हलायला लागला. थांबवू म्हटलं तर आणखी जोरात.

"डावीकडे घ्या," खालून ओव्हरसियर दुर्बिणीतून म्हणाले. "नाही, उजवीकडे. थांबा, दुर्बीण पुसतो."

अशा वेळी माणसाला आयुष्याचा अर्थ वगैरे दिसतो असं दप्तरभाऊंनी वाचलं होतं. त्यांना नाकासमोर खडकावर एक मुंगी दिसली. ती उतरत होती.

"मॅडम," ते म्हणाले. आवाज फारच बारीक आला. "मला खाली यायचंय."

"सोडते खाली, काही हरकत नाही," वरून ती म्हणाली. "आणि काका, तसंही वर काही नाहीये. दगड नाही. मी बघितलं सगळं. मी सांगते म्हणून लिहिलंत तरी खोटं होणार नाही."

आता हे फार सोयीचं होतं. दगड नाही हे कळलं होतं, सांगणारी विश्वासू होती, पाय थांबत नव्हता. दप्तरभाऊंनी कपाळ खडकाला टेकवलं. वहीचा कोपरा त्यांच्या पोटात रुतत होता. त्या एकतीस नोंदी करणाऱ्यांनाही कुणीतरी असंच काहीतरी सोयीचं सांगितलं असणार.

"पाहणी मी करायची आहे," ते म्हणाले.

"मग एक मिनिट थांबा. काही करू नका. नुसता श्वास घ्या."

ते थांबले. ओव्हरसियरसुद्धा गप्प बसले, हे त्या दिवशीचं खरं आश्चर्य. थोड्या वेळानं दप्तरभाऊंच्या लक्षात आलं की पाय थांबला आहे. मग त्यांना एक खोबण दिसली, नाकापासून वीतभर अंतरावर, जी सगळा वेळ तिथंच होती. तिच्यात बोटं घालताना त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला तो इथं देत नाही. पुढचे तीस फूट त्यांना नीट आठवत नाहीत. गुडघे, कोपर, हनुवटी, जे म्हणून शरीराला होतं ते सगळं वापरून ते माथ्यावर आले आणि पालथे पडले.

माथा दोन पलंगांएवढा होता. दप्तरभाऊंनी उठून शिस्तीत शोध घेतला. रेकॉर्ड रूममध्ये हरवलेली फाइल शोधतात तसा, कोपऱ्याकोपऱ्यानं, तीनदा. एक गारगोटीसुद्धा उचलून तिच्याखाली पाहिलं. मधोमध चुन्याचा जुनाट डाग होता, वीतभर. दगड नव्हता. तो वाऱ्यानं गेला, विजेनं गेला की खाणीच्या सुरुंगानं, देव जाणे. डागावर उगवलेलं झुडूप मात्र चांगलं कमरेएवढं झालं होतं. म्हणजे दगड आज-काल गेलेला नव्हता.

त्यांनी वही काढली आणि लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहणी केली. दगड जागेवर नाही.' खाली सही केली, आणि ती सही त्यांना आजवरच्या सगळ्या सह्यांपेक्षा बरी वाटली. मग ते मॅडमशेजारी बसले, बूट काढले आणि पाय वाऱ्याला धरले. तळवे चोळत ते म्हणाले, "बूट खरंच लहान आहेत हो." ती म्हणाली, "दोन नंबरनी. कुणी दिले तुम्हाला हे?"

सोमवारी साहेबांनी वही वाचली आणि दार लावून घेतलं.

"दप्तरभाऊ, एकतीस वर्षं जो दगड आहे, तो तुम्ही एका दिवसात नाही कसा करता?"

"मी काही केलं नाही, साहेब. तो नाहीच."

"यात आठ वर्षं माझी आहेत." साहेबांचा आवाज पडला. "तेव्हा सगळेच तसं लिहायचे. मला आधीच्यानं सांगितलं, दगड आहे. त्याला त्याच्या आधीच्यानं. माणसानं कुणावर विश्वासच ठेवायचा नाही का? एक ओळ बदला. कोर्टाला काय, कागद हवाय."

दप्तरभाऊ साहेबांसमोर कधी 'नाही' म्हणाले नव्हते. पंख्याच्या बटणापासून बढतीपर्यंत सगळ्याला त्यांनी मान हलवली होती. ते म्हणाले, "साहेब, न चढणाऱ्यांनी दगड आहे असं लिहिलं. मीही तेच लिहिलं, तर मी चढलो कशाला?"

साहेबांनी उत्तर म्हणून समिती नेमली. दगड नसल्याची खातरजमा करण्यासाठी त्रिसदस्यीय समिती. सुळक्यावर चढून अहवाल द्यावा, असा आदेश निघाला. तिसऱ्या दिवशी तिन्ही सदस्यांचे दाखले आले. तिघांनाही तीव्र कंबरदुखी होती, जिने चढणे वर्ज्य होते आणि दहा दिवस सक्तीची विश्रांती होती. डॉक्टरांकडे मसुदा तयारच होता.

दोन महिने असे गेले. कचेरीत दप्तरभाऊंशी कुणी फारसं बोलेना. हेडक्लार्क तेवढे म्हणाले, "मी तुम्हाला आजारी पडायला सांगितलं होतं, प्रामाणिक व्हायला नव्हे." घरी चढाईच्या रात्रीच वहिनींनी वही मागून घेतली होती, ती ओळ वाचली होती आणि नवऱ्याच्या सोललेल्या कोपरांना औषध लावताना विचारलं होतं, "रडलात का वर?"

"नाही. मॅडमना विचार हवं तर."

"माझ्या हातातली सुई बघून रडला होतात," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या रविवारचा डबा दोघांना पुरेल एवढा केला. दप्तरभाऊ आता दर रविवारी वहिनींना घेऊन सुळक्यावर जात होते. बूट बदलून घेतले होते. दोर धरायलाही मॅडमनं शिकवलं होतं.

कोर्टाची तारीख चार दिवसांवर आली तेव्हा एका रविवारी सकाळी सुळक्याच्या पायथ्याशी एक गृहस्थ उभे दिसले. नवेकोरे कॅनव्हासचे बूट, इस्त्रीची पँट. साहेब होते. एकटेच आले होते.

"सहज आलो," साहेब म्हणाले. मग खडकाला हात लावून पाहिला. "बराच उंच आहे. मला वाटायचं टेकडीसारखं असेल." आठ वर्षं पाहणी केलेला माणूस हे म्हणत होता, पण दप्तरभाऊंनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

"बघू का जरा?" साहेबांनी विचारलं.

मॅडमनं त्यांना पट्टा बांधला, गाठी दोनदा तपासल्या आणि माथ्यावरून फिरवून आणलेला दोर दप्तरभाऊंच्या हातात दिला. स्वतः शेजारी उभी राहिली. साहेब चढू लागले. फूटभर चढले की थांबत आणि खाली बघत, दप्तरभाऊ तिथंच आहेत ना याची खात्री करत. बारा फुटांवर त्यांचे दोन्ही पाय हलायला लागले.

"थांबा, साहेब. श्वास घ्या. होतं असं," दप्तरभाऊ म्हणाले.

साहेब खडकाला चिकटून राहिले. टकलावरचा घाम हेल्मेटखालून कानामागे आला. त्यांनी मान न वळवता विचारलं, "दप्तरभाऊ, दगड खरंच नाही?"

"नाही, साहेब."

"नक्की?"

"चुन्याचा डाग आहे. त्यावर झुडूप आहे. दगड नाही."

वर वारा होता, तो झुडपातून गेल्याचा आवाज आला.

"मग मला खाली घ्या," साहेब म्हणाले.

दप्तरभाऊंनी त्यांना हळूहळू, धक्का न लागू देता, जमिनीवर उतरवलं. साहेब थोडा वेळ मातीतच बसून राहिले. वहिनींनी डब्यातलं पुढे केलं ते निमूट खाल्लं आणि निघून गेले.

सोमवारी कोर्टाकडे जाणारा कागद रेकॉर्ड रूममध्ये आला. खाली साहेबांची सही होती, आणि वर साहेबांच्याच अक्षरात: 'प्रत्यक्ष पाहणी केली. दगड जागेवर नाही.' दप्तरभाऊंनी तो दोनदा वाचला. दुसरं वाक्य पूर्ण खरं होतं आणि पहिलं बारा फुटांपर्यंत खरं होतं. सरकारी कागदात एवढं सत्य त्यांनी सत्तावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी तारखेचा शिक्का मारला आणि कागद फायलीला लावला.